अंगावरून वारे जाते, म्हणजे काय होते?

आपल्या मराठी भाषेत एक फार जुना वाक्प्रचार आहे. एखाद्या मनुष्याचा एक हात व एक पाय एकाएकी निकामी झाला, तोंड एका बाजूस ओढले गेले आणि जीभ अडखळू लागली, म्हणजे आपण म्हणतो, ‘त्याच्या अंगावरून वारे गेले.’ वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत ह्याच विकारास पक्षाघात असे नाव आहे. घरोघरी त्यास अर्धांगवायू अथवा लकवा म्हणतात, आणि आजचे डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात. नावे अनेक असली, तरी ज्या वाऱ्याच्या नावाने आपण ह्या रोगास ओळखतो, तो वारा त्यात कोठेच नसतो. जे काही घडते ते अंगावरून जात नाही. ते मस्तकाच्या आत, मेंदूस रक्त पुरविणाऱ्या नळ्यांमध्ये घडते. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर पुढे काय करावे व काय करू नये हे बहुतांशी आपोआप उमगते. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले, ते प्रथम सांगतो. काळाचौकीच्या एका चाळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. पूर्वी ते गिरणीत साचे चालवीत असत. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण पहाटे उठण्याची त्यांची सवय मोडली नाही. एके दिवशी पहाटे पाच वाजता त्यांनी नळावरून पाणी भरून आणिले. सहाच्या सुमारास चहा पीत असता त्यांच्या उजव्या हातातून कप निसटून खाली पडला. ते काही बोलू लागले, परंतु शब्द स्पष्ट उमटेनात. घरात त्यांची नववीत शिकणारी नात होती. ती म्हणाली, ‘आजोबांचे तोंड वाकडे दिसते आहे.’ वडील मंडळी म्हणाली, ‘तू गप्प बस. रात्री झोप झाली नसेल.’ मग लसूण घालून तेल कढविण्यात आले व हातापायांस चोळण्यात आले. शेजारच्या एका बाईंनी कांदा फोडून हुंगावयास दिला. थोरला मुलगा रात्रपाळीहून आल्यावर पाहू, असे ठरले. तो दहास आला. टॅक्सी मिळवून रुग्णालयात पोहोचेपर्यंत बारा वाजले.

तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘हे केव्हा सुरू झाले?’ ‘सकाळी सहाला,’ असे उत्तर मिळताच डॉक्टर क्षणभर स्तब्ध राहिले. मेंदूतील एक रोहिणी रक्ताच्या गुठळीने बंद पडली होती. ती गुठळी विरघळविण्याचे औषध त्या रुग्णालयात होते. परंतु ते देण्याची वेळ दीड तासापूर्वीच टळून गेली होती. ज्या चाळीत ही गोष्ट घडली, तेथून परळची मोठी रुग्णालये दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहेत. अंतर थोडे होते. वेळ मात्र अंतराने खाल्ला नाही, अज्ञानाने खाल्ला.

मेंदूस रक्त कसे पोहोचते

विद्यार्थ्यांना शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून हृदय, रोहिणी, नीला व केशवाहिन्या ही नावे परिचित आहेतच. मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम, म्हणजे सर्व शरीराच्या जेमतेम पन्नासावा हिस्सा असते. परंतु शरीर जितका प्राणवायू खर्च करिते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. त्यासाठी दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूतून वाहत असते. मांसपेशी थोडाबहुत साठा करून ठेवितात. मेंदूजवळ असा साठा जवळजवळ नाहीच. सर्व मेंदूचा पुरवठा खुंटला, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते.

हा पुरवठा चार मोठ्या रोहिण्यांतून होतो. दोन रोहिण्या मानेच्या दोन्ही बाजूंनी पुढून वर जातात. गळ्याच्या बाजूस बोटे ठेविली असता जी नाडी लागते ती त्यांचीच. दुसऱ्या दोन मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून मागच्या बाजूने चढतात. कवटीच्या तळाशी ह्या सर्वांचे फाटे परस्परांस मिळून एक कडे तयार होते. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने इ. स. १६६४ मध्ये ह्या कड्याचे उत्तम वर्णन केले, म्हणून आजही ते त्याच्या नावाने ओळखिले जाते. कड्याची योजना मोठी चतुराईची आहे. एका बाजूचा प्रवाह मंदावला, तर दुसऱ्या बाजूचे रक्त कड्यातून फिरून मदतीस येऊ शकते. मात्र सर्वांचे कडे सारखे परिपूर्ण नसते, आणि कड्याच्या पुढे गेलेल्या बारीक शाखांना अशी मदत फारशी मिळत नाही.

मुंबईकरांस हे समजण्यास नळाचे उदाहरण पुरेसे आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून ह्या शहरात येत आहे. तलाव भरलेला असो, मोठी वाहिनी शाबूत असो; परंतु आपल्या चाळीकडे येणारी नळी गंजाने बुजली, तर आपल्या मोरीत थेंब पडत नाही. तसेच जुनी नळी फुटली, तर पाणी रस्त्यावर वाहते व घरात चिखल होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे जे मुख्य विकार आहेत, ते ह्याच दोन जातींचे आहेत : एक नळी बुजण्याचा व दुसरा नळी फुटण्याचा.

ही गोष्ट आज सोपी वाटते. परंतु ती कळण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला. स्वित्झर्लंडमधील योहान वेप्फर ह्या वैद्याने अशा रोगाने मृत्यू पावलेल्या लोकांचे मेंदू तपासून १६५८ मध्ये दाखवून दिले की, काहींच्या मेंदूत रक्त सांडलेले असते. वाहिन्या बुजल्यानेही असेच होत असावे, हेही त्याने सुचविले. तोवर हा विकार म्हणजे दैवी तडाखा अथवा वायूचा प्रकोप, अशीच देशोदेशी समजूत होती.

बुजणे व फुटणे

बहुसंख्य रोग्यांमध्ये नळी बुजलेली आढळते. ती बुजण्याची कारणे तीन. वयपरत्वे, तसेच तंबाखू, मधुमेह, रक्तातील अधिक चरबी व अधिक दाब ह्यांमुळे रोहिणीच्या आतल्या भिंतीवर किटण चढते. त्या खडबडीत जागी रक्त गोठते व मार्ग बंद होतो. दुसरे कारण हृदयात असते. हृदयाची चाल अनियमित झाली, अथवा लहानपणच्या सांधेज्वराने हृदयाची झडप बिघडली, तर हृदयाच्या कप्प्यात गुठळी बनते, आणि ती प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मेंदूच्या एखाद्या शाखेत अडकते. तिसऱ्या प्रकारात वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या दाबाने मेंदूच्या अंतर्भागातील केसासारख्या बारीक वाहिन्या जाड होऊन मिटतात.

फुटण्याचेही दोन प्रकार मुख्य होत. दाब दीर्घकाळ वाढलेला राहिला म्हणजे आतील बारीक वाहिनी कमकुवत होऊन फुटते व रक्त मेंदूतच साचते. दुसऱ्या प्रकारात कवटीच्या तळाच्या रोहिणीवर, फुग्याला फुगवटा यावा तसा, एक फुगवटा आलेला असतो. तो फुटला म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. अशा रोग्यास एकाएकी इतकी भयंकर डोकेदुखी होते की, तशी जन्मात कधी झाली नव्हती असे तो सांगतो. मान ताठते, वांती होते व कित्येकदा शुद्ध जाते.

ह्याखेरीज एक प्रकार नीलांचा आहे. मेंदूतून परत जाणारे रक्त ज्या मोठ्या नीलांतून वाहते, त्यांत रक्त गोठले तर मागे तुंबारा होतो. आपल्या देशात हा विकार बाळंतिणींत विशेष आढळत आला आहे. बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढते; त्यात अंगातील पाणी आटले तर भर पडते. बाळंतिणीस पाणी बेताने द्यावे, ही काही घरांतील रूढी ह्या दृष्टीने अगदी चुकीची होय. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचे डोके सतत दुखत राहिले, तिला झटका आला अथवा हातपाय दुबळे झाले, तर ती बाहेरची बाधा समजू नये. तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग आहे, असेही नाही. हृदयाची झडप बिघडलेल्या तरुणांस तो होतो. विदर्भातील व नंदुरबारकडील काही समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. त्या दोषाच्या मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो.

आता उजव्या हातातून कप पडला आणि बोलणेही अडले, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी का घडल्या, ते पाहू. मेंदूतून निघणारे चेतनातंतू खाली उतरताना एका बाजूचे दुसऱ्या बाजूस जातात. त्यामुळे डावा मेंदू उजवे अंग चालवितो, व उजवा मेंदू डावे. बहुतेक माणसांत वाणीचे स्थानही डाव्या मेंदूत असते. त्या आजोबांच्या डाव्या बाजूची एक मोठी शाखा बंद पडली, तेव्हा उजवा हात व वाणी ही दोन्ही एकदमच हरपली. अशा रोग्यास पुष्कळदा आपले बोलणे कळते, परंतु उत्तर देता येत नाही. त्याची बुद्धी गेली असे समजून त्याच्यासमोर वाटेल ते बोलणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय निर्दयपणाही आहे.

घड्याळ व घरची माणसे

वाहिनी बुजली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला सर्व भाग एकदम मरत नाही. मधला गाभा काही मिनिटांतच नष्ट होतो. परंतु त्याच्या सभोवतालचा भाग शेजारच्या शाखांतून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर काही काळ तग धरून राहतो. तो मुका झालेला असतो, मेलेला नसतो. सर्व उपचाराची आशा ह्या मुक्या भागावर आहे. अमेरिकेतील एका डॉक्टरांनी २००६ मध्ये हिशेब मांडून दाखविले की, मोठी रोहिणी बंद पडली असता दर मिनिटास सरासरी १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत हे खरे. परंतु गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तेल कढविण्यात जो अर्धा तास गेला, त्याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

म्हणून रोग ओळखण्याची रीत प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजे. ती इतकी सोपी आहे की, पाचवीतील मुलासही करिता येईल. तोंड, हात, बोली व वेळ, हे चार शब्द ध्यानात ठेवावे. रोग्यास हसावयास सांगावे. तोंडाची एक बाजू लोंबते काय? दोन्ही हात समोर उचलून धरावयास सांगावे; एक हात आपोआप खाली येतो काय? एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे. शब्द बोबडे किंवा भलतेच येतात काय? ह्यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी चौथा शब्द आठवावा : वेळ. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, व ताबडतोब १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात न्यावे. एकाएकी तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, एकाची दोन दिसणे, ह्याही तशाच खुणा होत. रोगी झोपेतून उठतानाच असा आढळला, तर तो शेवटचा धडधाकट कोणी व केव्हा पाहिला होता, ती वेळ सांगावी.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. म्हणून पाणी, दूध, चहा अथवा काढा तोंडात घालू नये, तो श्वासनलिकेत जातो. रोगी बेशुद्ध असेल तर त्यास कुशीवर निजवावे. ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नये. कारण नळी बुजली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कोणासही सांगता येत नाही, आणि फुटली असेल तर तीच गोळी घात करील. घरातील कोणाची रक्तदाबाची गोळी देऊन दाब एकदम उतरविण्याचा प्रयत्नही करू नये. कांदा हुंगविणे, तेल चोळणे, अंगारा लावणे, कबुतराच्या रक्ताने अंग चोळणे, ह्या सर्व गोष्टींनी बंद पडलेली नळी उघडत नाही; केवळ वेळ जातो.

आणखी एक फसवा प्रकार आहे. कधी कधी हात दुबळा होतो, बोली अडखळते, आणि दहा-पंधरा मिनिटांत सर्व पूर्ववत होते. लोक म्हणतात, ‘देवाची कृपा, बरे झाले.’ वस्तुतः गुठळी अडकून आपोआप सुटली, इतकाच त्याचा अर्थ. ही पुढील मोठ्या आघाताची पूर्वसूचना असते, आणि तो आघात पुष्कळदा पहिल्या दोन-चार दिवसांतच येतो. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

रुग्णालयात काय करितात

नळी बुजली की फुटली, हे ओळखणे पूर्वी जवळजवळ अशक्य होते. पोर्तुगालमधील एगाश मोनिझ ह्यांनी १९२७ मध्ये रोहिणीत औषध टोचून मेंदूच्या वाहिन्यांची क्षकिरण-छायाचित्रे घेण्याची युक्ती काढिली. खरी क्रांती झाली ती इंग्लंडमध्ये. गॉडफ्रे हौन्सफील्ड नावाच्या एका अभियंत्याने बनविलेल्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात प्रथमच जिवंत मनुष्याच्या मेंदूचे आडवे छेद कवटी न उघडता पाहण्यात आले. हेच सीटी स्कॅन. ह्या शोधाबद्दल त्यांना व ॲलन कॉर्मॅक ह्यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हल्ली काही मिनिटांतच हे छायाचित्र निघते व सांडलेले रक्त पांढरे शुभ्र दिसते.

रक्त सांडलेले नसेल व नळी बुजली असेल, तर गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देतात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले की, पहिल्या ३ तासांत अल्टेप्लेस हे औषध दिले, तर तीन महिन्यांनंतर धडधाकट राहणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे वाढते. पुढे २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविता येते असे सिद्ध झाले. औषध दुधारी आहे. त्या पहिल्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. म्हणूनच डॉक्टर वेळ इतक्या काटेकोरपणे विचारतात, व ती टळली म्हणजे हात आखडता घेतात. त्यात त्यांचा निष्ठुरपणा नसतो.

गुठळी मोठ्या रोहिणीत असेल, तर आणखी एक उपाय आहे. जांघेतील अथवा मनगटातील रोहिणीतून एक बारीक नळी आत सरकवीत मेंदूपर्यंत नेतात, व जाळीने धरून अथवा शोषून गुठळी बाहेर ओढून काढितात. २०१५ साली एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी ह्या उपायाची उपयुक्तता निर्विवाद ठरविली. आणि २०१८ पासून, छायाचित्रात मुका भाग जिवंत दिसत असलेल्या निवडक रोग्यांत तो २४ तासांपर्यंत करिता येतो. त्यास विशेष यंत्रसामग्री व तरबेज हात लागतात. खर्चही मोठा असतो. म्हणून त्यावर भिस्त ठेवून घरी बसून राहणे शहाणपणाचे नव्हे.

नळी फुटली असेल तर उपचार उलट दिशेचा असतो. रक्तदाब सावधपणे उतरवितात, रक्त पातळ करणारी औषधे थांबवितात, आणि साचलेल्या रक्ताने मेंदू दबत असेल तर शस्त्रक्रिया करितात. रोहिणीवरील फुगवट्याच्या मानेला चिमटा लावून तो बंद करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील वॉल्टर डँडी ह्यांनी १९३७ मध्ये प्रथम केली. १९९० च्या सुमारास इटालियन डॉक्टर ग्युलिएल्मी ह्यांनी कवटी न उघडता, आतूनच तारेची वेटोळी भरून फुगवटा बुजविण्याची रीत शोधून काढिली. आज दोन्ही रीती रूढ आहेत.

ह्यानंतरचा उपचार दीर्घ व चिकाटीचा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, परंतु उरलेल्या पेशी नवे काम शिकू शकतात. त्यांना ते व्यायामाने व अभ्यासाने शिकवावे लागते. लहान मूल जसे पुन्हा पुन्हा पडून चालावयास शिकते, तसेच हे होय. ह्या बाबतीत आपला परिसर भाग्यवान आहे. भौतिकोपचार शिकविणारी भारतातील पहिली शाळा १९५३ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयातच स्थापन झाली. आणि अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून हाजीअलीजवळ आहे.

परळचा एक प्रयोग

रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर. आणि त्यात रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा आहे. गिरणीतील बाष्पयंत्राच्या बॉयलरवर दाबाचा काटा असे. काटा तांबड्या खुणेपुढे गेला, म्हणजे कामगार सावध होत. मनुष्याच्या अंगावर असा काटा नाही, आणि दाब वाढला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही. तो काटा १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रॉची ह्यांनी दंडावर बांधावयाच्या पट्ट्याच्या रूपाने दिला, व १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफ ह्यांनी नाडीचा आवाज ऐकून दाब मोजण्याची रीत सांगितली. तीच रीत आजही चालते. १४० वर ९० अथवा त्याहून अधिक दाब पुन्हा पुन्हा भरत असेल, तर तो वाढलेला समजतात.

परंतु मोजता आला तरी दाब उतरवावा कसा? १९५० पूर्वी त्यावर समाधानकारक औषध जगात कोठेही नव्हते. त्यावेळी आमच्या ह्या परळच्या परिसरातच एक संस्मरणीय काम झाले. १९२६ मध्ये येथे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास ह्यांच्या देणगीतून १९२५ मध्ये त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ते देणगीदारांच्या अशा अटीवर की, तेथील अध्यापक भारतीयच असावेत. तेथे डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगांचे तज्ज्ञ काम करीत होते. आपल्या वैद्यांस सर्पगंधेचे मूळ फार पूर्वीपासून ठाऊक होते. कलकत्त्याच्या सेन व बोस ह्यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिलेही होते. डॉ. वकिलांनी केवळ परंपरेवर विश्वास ठेविला नाही, अथवा परंपरा म्हणून तिला झिडकारलेही नाही. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांस ते मूळ देऊन, दाब वारंवार मोजून, निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे केले, व १९५७ मध्ये डॉ. वकिलांस अमेरिकेतील लास्कर पुरस्काराचा सन्मान मिळाला. पुढे त्याहून सुरक्षित औषधे निघाली. रेसरपिनाने काही रोग्यांचे मन खिन्न होते, म्हणून आज त्याचा उपयोग क्वचितच होतो. आणि सर्पगंधेचे मूळ कोणी आपल्या मनाने घेऊ नये हे सांगणे नलगे. तथापि, जुन्या ज्ञानाकडे कसे पाहावे ह्याचा हा प्रयोग म्हणजे एक धडाच आहे : मान द्यावा, परंतु मोजून पाहावे.

दाब उतरविल्याने खरोखर लाभ होतो काय, हेही मोजून पाहिलेले आहे. अमेरिकेत साठ वर्षांवरील ४,७०० हून अधिक लोकांवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले. ह्याची आपल्या शहरास किती गरज आहे, ते २००५ व २००६ ह्या वर्षांत मुंबईतील एका विभागात सुमारे दीड लक्ष लोकवस्तीच्या पाहणीवरून दिसते. तेथे दर लक्ष लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पक्षाघात प्रथमच झाला, व त्यांतील शंभरांपैकी सुमारे तीस जण अठ्ठावीस दिवसांच्या आत मरण पावले.

मग घरी काय करावे? तिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेली गोळी, बरे वाटते म्हणून बंद करू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या, आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण व गावाहून येणारे खारे मासे ह्यांतील मीठही ह्या हिशेबात धरावे. विडी, सिगारेट, तंबाखू व मशेरी सोडावी. मशेरी दातांसाठी लावितात, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. दररोज अर्धा तास भरभर चालावे. ह्यांपैकी एकाही गोष्टीस मोठे धन लागत नाही.

लेख संपविण्यापूर्वी पुनः त्या चाळीकडे वळतो. ते आजोबा आज काठी टेकीत गॅलरीत येरझाऱ्या घालतात. उजवा हात पुरता उचलत नाही, पण नातीचे नाव आता स्पष्ट उच्चारितात. ते उच्चारावयास त्यांना चार महिने लागले. त्या मुलीने एकदा आम्हांस विचारले, ‘त्या दिवशी मी मोठ्याने ओरडून सांगितले असते, तर आजोबा बरे झाले असते काय?’ आम्ही तिला खरे तेच सांगितले. वेळेवर औषध मिळूनही सर्वच रोगी पूर्ण बरे होतात, असे नाही. मात्र बरे होण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती. तिने जे पाहिले ते बरोबर होते, व जे बोलावयाचे ते ती बोलली होती. चूक ऐकणाऱ्यांची झाली, आणि तीही दुष्टपणाने नव्हे, न कळल्यामुळे झाली.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर अंक कपाटात ठेवून देऊ नका. आज रात्री जेवणाच्या वेळी तोंड, हात, बोली व वेळ हे चार शब्द घरातील सर्वांना, विशेषतः आजीआजोबांना, म्हणून दाखवा. आणि १०८ हा आकडा दाराच्या मागे लिहून ठेवा. आणि पालकहो, तुम्हांस आमची एवढीच विनंती आहे की, घरातील मूल ‘आजोबांचे तोंड वाकडे दिसते’ असे म्हणाले, तर त्यास गप्प बसवू नका. उठून आजोबांकडे पाहा, आणि मग घड्याळाकडे पाहा.